घाटमाथ्यावरच्या वाड्यात दप्तरखाना करायचा असेल, तर आधी एक पावसाळा तो रिकामा पाहा

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे, घाटमाथ्यावरच्या एका गावातला दुमजली चौकाचा वाडा आणि त्याला लागून असलेली जुन्या शाळेची कौलारू इमारत गावच्या न्यासाकडे आली आहे. तिथे अभ्यासकांसाठी ग्रंथालय करायचे आहे आणि भागातल्या घराण्यांकडचे मोडी कागद नीट राहावेत म्हणून दप्तरखानाही. अभियंत्यांनी तीन गोष्टी सुचवल्या आहेत: माडीचे लाकूड काढून स्लॅब टाकणे, भिंतींना आतबाहेर सिमेंटचा गिलावा करणे आणि कागदांच्या खोलीत एसी बसवणे. विचारणाऱ्यांनी सिमल्याचा दाखला दिला आहे. तिथे व्हाइसरॉयच्या निवासात एवढे मोठे संशोधन ग्रंथालय चालते, मग इथे काय अडचण, असा त्यांचा प्रश्न आहे.

जमेल, आणि करावेच. बेळगाव, खानापूर, चंदगड या पट्ट्यात जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करत आलो आहे, त्या अनुभवावरून सांगतो की या तिन्ही सूचना तूर्त बाजूला ठेवा. छप्पर आणि पाण्याचा निचरा एवढेच आधी नीट करा आणि येता पावसाळा वाडा रिकामा ठेवून त्याच्या नोंदी घ्या. कोणत्या खोलीत कागद ठेवायचे ते त्या नोंदींवरून ठरेल. आज नकाशावर बोट ठेवून ते ठरवता येणार नाही.

सिमल्याचा दाखला चांगला आहे, पण त्यातून काय घ्यायचे ते पाहून घ्या. १८८८ मध्ये पूर्ण झालेली ती इमारत सरकारी खजिन्यातून बांधलेली, जाड घडीव दगडाची आहे. स्वातंत्र्यानंतर ती राष्ट्रपती निवास झाली आणि १९६५ पासून तिथे भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे. नृत्याच्या आणि मेजवानीच्या दालनांत पुस्तके आली. मोठ्या वजनासाठी आणि मोठ्या माणसांच्या गर्दीसाठी मुळातच बांधलेली दालने त्यांनी ग्रंथालयाला दिली, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट. हवेच्या बाबतीत मात्र सिमला आणि जांबोटी यांची तुलना होत नाही. तिथे पावसाचा जोर ओसरला की कोरडी थंडी सुरू होते. आपल्याकडे मृगापासून दसऱ्यापर्यंत धुके घरात शिरते. बेळगाव शहरात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, पूर्वेला अथणी-रामदुर्गकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीकडे शहराच्या कित्येक पट. एकाच जिल्ह्यात एवढा फरक आहे. त्यामुळे अथणीच्या माळवदाच्या वाड्यात जे चालते तेही तुमच्या उपयोगाचे नाही.

आता मुद्द्याकडे येतो. तुमचा वाडा शंभर-दीडशे पावसाळे कसा टिकला? लोक म्हणतात, जुने बांधकामच तसे भक्कम. ते पूर्ण खरे नाही. तो टिकला कारण त्यात माणसे राहत होती. मागच्या सोप्यात चूल रोज दोन वेळा पेटत होती. तिची ऊब माजघराच्या भिंतीत मुरत होती आणि धूर वाशांतून, कौलांच्या फटींतून बाहेर पडत होता. धुरामुळे लाकडाला कीड कमी लागे. चुलीवरच्या माळ्यावर बियाण्याचे भात, मिरच्या, आमसुले भर श्रावणातही कोरडी राहत. पावसाआधी कौले चाळून शाकारणी होई, पश्चिमेच्या भिंतीला गवताच्या ताट्या बांधल्या जात, दिवाळीला चुन्याचा हात फिरे. वाड्याचे कोरडेपण या रोजच्या आणि वर्षाच्या कामांतून येत होते. माणसे पुण्या-मुंबईला, बेळगावला गेली, चूल विझली, आणि पंधरा-वीस वर्षांत वाशांना बुरशी आली. ग्रंथालय म्हणजे रात्री बंद आणि रविवारी कुलूप असलेले घर. म्हणून मी कुठल्याही न्यासाला पहिला प्रश्न हा विचारतो की त्या चुलीचे आणि त्या शाकारणीचे काम यापुढे कोण करणार. त्याचे उत्तर नसेल तर दुरुस्तीवर घातलेले पैसे दहा वर्षांत मातीत जातात.

जुन्या घरातल्या आजी अजून हयात असतील तर त्यांना भेटा आणि विचारा: पावसाळ्यात पापड कुठे ठेवायचा, मीठ कुठे, लग्नाचे शालू कुठल्या खोलीतल्या पेटीत, आणि कुठल्या भिंतीला कधीच काही टेकवायचे नाही. घरात आयुष्य काढलेल्या बाईला कोरडी जागा कोणत्याही यंत्राआधी माहीत असते. हे उत्तर कागदावर लिहून घ्या. पुढे यंत्राच्या नोंदींशी ताडून पाहता येईल.

छपरापासून सुरुवात करू. मंगलोरी कौले काढून पत्रा टाकायचा मोह होईल, गावात निम्म्या घरांवर तो आला आहे. तात्पुरते छत म्हणून, दुरुस्ती चालू असेपर्यंत, लोखंडी सांगाड्यावर पत्र्याचा मांडव वाड्यावर घालणे उत्तम. कायमचा पत्रा मात्र नको. पहाटे त्याच्या खालच्या अंगाला दव जमते आणि थेंब थेंब आत पडते, आणि कागदाच्या खोलीवर ते परवडणार नाही. कौले उतरवताना प्रत्येक कौल टिचकी मारून पाहा. खणखणीत वाजेल ते ठेवा, बद वाजेल ते बाजूला करा. खानापूरची माती कौलांना, विटांना आणि मडक्यांना नावाजलेली आहे, त्यामुळे बदली कौले जवळपास मिळतील, पण जुन्या कौलाचा एक नमुना हातात घेऊन जा. खाचेत खाच बसली नाही तर तिथेच गळते. वाशांवर फळ्या आणि फळ्यांवर वाफ बाहेर सोडणारा पडदा अंथरून मग रिपा आणि कौले, असा कौलांखाली पाण्याला दुसरा अडसर करा. साधे प्लास्टिक अंथरू नका, त्याखाली लाकूड कुजते.

आणि माकडे. तुमच्याकडे जंगल लागूनच आहे, भीमगडचे अभयारण्य तिथून फार लांब नाही. एका उडीत सरकलेले एक कौल जुलैच्या एका रात्रीत खालच्या खोलीची वाट लावते. उतारावर ठरावीक ओळींतली कौले तारेने रिपेला बांधून घ्या, आढ्याजवळ आणि कडेला तर सगळीच. झाडाच्या फांद्या छपरापासून दूर ठेवा. हे काम किरकोळ वाटते, पण मी पाहिलेल्या घाटमाथ्यावरच्या गळत्यांपैकी बऱ्याच अशाच सुरू झालेल्या.

मग जमिनीवरचे पाणी. वाड्यासमोरचा रस्ता प्रत्येक डांबरीकरणात चार-सहा इंच वर आला असणार. पूर्वी जोते रस्त्यापेक्षा दोन-अडीच फूट उंच होते, आता ते हातभर राहिले असेल आणि रस्त्याचे पाणी जोत्याकडे येत असेल. पंचायतीशी बोलून रस्त्याकडेचे गटार खोल करून घ्या. पागोळ्या पडतात त्या रेषेत, भिंतीपासून बाहेर उतार देऊन, दगडी फरसबंदी करा, म्हणजे उडणारे पाणी भिंतीला लागणार नाही. चौकातली मोरी कुठे जाते ते बादल्या ओतून तपासा. बहुतेक वाड्यांत ती परड्यात जाऊन मध्येच बुजलेली असते आणि चौकाचे सगळे पाणी पायात मुरते. पश्चिमेच्या भिंतीला ताट्या बांधायची पद्धत पुन्हा सुरू करा. दिसायला साधी आहे, पण आडव्या पावसाला तिच्याइतका स्वस्त उपाय मला माहीत नाही.

भिंतींबद्दल अभियंत्यांशी शांतपणे पण ठामपणे बोला. तुमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत. चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि ऊन पडले की सोडतो. चुना आणि चिरा यांचे या बाबतीत जमते, कारण दोघांतून वाफ जाते. सिमेंटचा गिलावा घट्ट असतो. त्याला केसाएवढ्या भेगा पडतातच, त्यातून पावसाचे पाणी आत जाते आणि परत बाहेर यायला वाट उरत नाही. ते भिंतीतून वर चढते, आतल्या बाजूने पोपडे सुटतात, पांढरी फुले येतात आणि तुळईची भिंतीत गेलेली टोके कायम ओली राहून कुजतात. अशा भिंतीला पुन्हा सिमेंटच लावून बंद करायचे काम मी अनेक ठिकाणी निस्तरले आहे. आधी जिथे कुणी सिमेंट लावले असेल तिथे ते छिन्नीने हलक्या हाताने काढा, भिंत एक उन्हाळा उघडी वाळू द्या, मग चुना लावा.

चुना म्हणजे बाजारातल्या पिशवीतली पांढरी पूड नव्हे. भाजलेल्या कळीचा चुना विरवून, पाण्याखाली काही आठवडे मुरवून लोण्यासारखा झाला की मग वाळूत मिसळायचा. एका भागाला तीन भाग वाळू हे सर्वसाधारण प्रमाण धरतात, पण तुमच्या वाळूत माती किती आहे यावर ते बदलते, म्हणून आधी भिंतीच्या आडोशाला हातभर तुकड्यावर तीन-चार नमुने लावून पाहा. पश्चिमेच्या भिंतीसाठी आणि जोत्यासाठी त्यात सुरखी, म्हणजे विटांची भुकटी घाला. तिच्यामुळे चुना ओल्यातही धरतो. सुरखीला मंद भाजलेली वीट लागते, कडक भाजलेली चालत नाही, आणि खानापूरच्या भट्ट्यांवर ती मिळते. हिरडा, गूळ, बेलफळ यांचे पाणी घालायची जुनी पद्धत आहे आणि त्यात तथ्य आहे, पण त्याचे प्रमाण जाणत्या गवंड्याच्या हातीच द्या. असे गवंडी आता कमी उरलेत. गोव्यात जुन्या चर्चच्या आणि घरांच्या दुरुस्तीमुळे हे कौशल्य थोडे जगले आहे, तिथून एक-दोन जाणकार आणून तुमच्या गावची चार तरुण मुले त्यांच्या हाताखाली घाला. पुढची दुरुस्ती तीच मुले करतील.

चुन्याची कामे दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत आटोपा. चुना हवा घेऊन हळूहळू धरतो. पावसात तो धरतच नाही आणि कडक उन्हात फुटतो, म्हणून ओली गोणपाटे टांगावी लागतात. वळवाच्या आधी त्याला दोन-तीन महिने मिळायला हवेत.

जमिनीवर चकचकीत टाइल्स घालू नका. जमिनीतली ओल फरशीतून वर यायची ती टाइल्समुळे अडते आणि कडेच्या भिंतींकडे वळते. खाली कोरड्या दगडांची सोलिंग, त्यावर चुन्याचा कोबा, त्यावर शहाबादी फरशी चुन्यातच बसवलेली, एवढे पुरते.

आता वजन. अभियंते स्लॅब मागत आहेत ते याच काळजीपोटी, आणि त्यांची काळजी रास्त आहे. भारतीय मानकांप्रमाणे राहत्या घराच्या मजल्यावर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरतात. ग्रंथसंग्रहाच्या खोलीला, कपाटे २.२ मीटर उंच धरून, ६०० किलो धरावे लागते आणि त्यावर प्रत्येक मीटर उंचीला आणखी २०० किलो. पुस्तकांचा एक मीटर लांबीचा थर साधारण ३० किलो भरतो. दोन्ही बाजूंनी सहा फळ्यांचे, मीटरभर लांबीचे एक कपाट भरले की ३६० किलो झाले. वर्तमानपत्रांचे बांधीव खंड असतील तर याहून पुष्कळ जास्त. सरकती कपाटे लावायची असतील तर चौरस मीटरला हजार किलोच्या वर जाते. तुमच्या माडीवर तर आधीच मातीचा थर आहे. सहा इंच माती म्हणजेच चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या आसपास. ती माती काढली तर तेवढे वजन हलके होईल, हे खरे, पण त्यानेच माडीचा आवाज आणि ऊन अडत होते.

यावर उपाय म्हणून जांभ्याच्या भिंतींवर स्लॅब टाकणे मला पटत नाही. चुन्यामातीत रचलेल्या भिंती वरून येणारा भार पेलायला ठीक असतात, आडव्या हादऱ्याला त्या कच्च्या. त्यांच्या डोक्यावर एवढे जड छत ठेवणे म्हणजे भूकंपाच्या वेळी धोका वाढवणे. १९६७ च्या कोयनेच्या धक्क्याची आठवण सांगणारे लोक तुमच्या गावातही असतील. त्यापेक्षा साधी वाट आहे: जड वस्तू खाली, हलकी कामे वर. माडीवर संग्रहच ठेवू नका. तिथे सूचीकारांची टेबले, मोडी वाचायला बसणाऱ्यांची जागा, छोट्या बैठका होऊ द्या.

त्यासाठीही तुळया तपासाव्याच लागतील. मधला भाग धडधाकट दिसतो, कुजते ते भिंतीत गेलेले टोक. पोकळ आवाज येतो का ते लाकडी हातोडीने पाहा, टोचणी किती आत जाते ते पाहा, आणि ओलाव्याचे छोटे यंत्र मिळाले तर आकडा नोंदवा. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर सतत राहिला की कूज धरते. कुजलेले टोक कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा जोड देता येतो, सुताराला तिरपा सांधा आणि आत गंज न धरणारी पोलादी पट्टी एवढे लागते. सागवान, ऐन, किंजळ यांतले काय आहे ते आधी ओळखा. बदली लाकूड दांडेलीच्या वनखात्याच्या डेपोतून रीतसर लिलावात घ्या आणि पावती जपून ठेवा, कारण तुमच्या भागात लाकडाची वाहतूक हा नाजूक विषय आहे. तुळई पुन्हा बसवताना टोकाभोवती बोटभर हवा खेळू द्या, चुन्याने गच्च भरू नका.

मग संग्रह कुठे? इथे खरी ओढाताण आहे. वजन म्हणते खाली, ओल म्हणते वर. २०१९ च्या ऑगस्टच्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे तळमजल्यावरच्या पुस्तकांचे काय झाले ते आपण पाहिले. तुमचे गाव उंचावर आहे, नदीचे पाणी चढणार नाही, त्यामुळे तुम्हाला जमिनीतल्या ओलीचीच चिंता करायची आहे. मला वाटते तुमचे उत्तर माजघर आहे. चारी बाजूंनी सोपे आणि खोल्या असलेली, बाहेरची एकही भिंत नसलेली, अंधारी खोली. कागदाला अंधार मानवतो, आणि बाहेर तापमान कितीही वरखाली झाले तरी माजघरात ते फारसे हलत नाही. जुन्या लोकांनी धान्य, दागिने आणि सनदा तिथेच ठेवल्या होत्या. पण हा माझा अंदाज आहे, आणि म्हणूनच एक पावसाळा नोंदी घ्या म्हणतो. तापमान आणि दमटपणा आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रे आता फार महाग नाहीत. माजघर, माडी, पुढचा सोपा, शाळेची खोली आणि बाहेर पडवीत, अशी पाच ठिकाणी लावा. भिंतीवर ओल जिथपर्यंत चढली तिथे दर आठवड्याला पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा. शाळेत शिकणारी मुलेही हे काम करू शकतील आणि त्यांना ते आवडेल.

माजघर पक्के झाले तर जमिनीपासून वीतभर उंच, भिंतीपासून फूटभर सुटी, भट्टीरंग दिलेली पोलादी कपाटे लावा. लाकडी कपाटे वाळवीला आमंत्रण देतात, आणि काही लाकडांतून सुटणारी आम्लाची वाफ कागदाला पिवळा करते. वाळवीबद्दल विशेष काळजी घ्या. चिऱ्याच्या जमिनीत वारुळे फार. पायाभोवती औषध टोचून घेता येते, पण परड्यातली विहीर लक्षात ठेवा. तिच्या जवळ विष घालू नका. जोत्याच्या कडेने हातभर पट्टी कायम मोकळी ठेवा, झाडझुडूप नको, सामान नको, म्हणजे मातीच्या नळ्या वर चढू लागल्या की लगेच दिसतील.

एसीचा प्रश्न राहिला. पावसाळ्यात तुमच्याकडे हवा मुळात थंडच असते, २२-२३ अंश. घरगुती एसी तेवढ्या तापमानाला पोचला की त्याचा कॉम्प्रेसर थांबतो, पंखा फिरत राहतो, आणि नळ्यांवर जमलेले पाणी पुन्हा हवेत मिसळते. खोली थंड होते आणि दमटही. रात्री वीज गेली की गार पडलेल्या कागदावर ओल धरते. तुम्हाला थंडावा नको आहे, कोरडेपणा हवा आहे. हवा थोडी तापली की तिचा सापेक्ष दमटपणा घटतो: २२ अंशांना ८५ टक्के असलेली हवा २७ अंशांपर्यंत आणली तर ती ६३ टक्क्यांवर येते. चूल नेमके हेच करत होती. म्हणून पावसाळ्याच्या चार महिन्यांत दमटपणा मोजून आपोआप चालू-बंद होणारा, उघडा तार नसलेला, तेल भरलेला मंद विजेचा हीटर आणि सोबत हवेतले पाणी ओढणारे यंत्र, एवढे माजघराला पुरावे. सतत ६५ टक्क्यांच्या वर राहिले की बुरशी धरते. ६० च्या खाली ठेवता आले तर समाधान माना. पुस्तकात लिहिलेले ५० टक्के आणि २० अंश गाठायला लागणारी यंत्रणा तुमच्या गावच्या विजेवर चालणार नाही, आणि तिची गरजही नाही. गच्च भरलेल्या पेट्यांतला कागद स्वतः थोडी ओल धरतो-सोडतो, त्यामुळे आतला चढउतार बाहेरच्यापेक्षा सौम्य असतो.

वीज आली की आगीचा विचार आला. सगळे वायरिंग नव्याने, नळीतून करा. मुख्य बटण संग्रहाच्या खोलीबाहेर असू द्या, रात्री कागदांच्या खोलीत हीटर आणि यंत्राव्यतिरिक्त काहीही चालू नको. पाण्याचे नळ आणि टाकी संग्रहाच्या डोक्यावर कधीच आणू नका. स्वच्छतागृहे शाळेच्या इमारतीच्या पलीकडे, वेगळी बांधा.

शाळेची इमारत मला वाड्याइतकीच मोलाची वाटते. उंच छप्पर, मोठ्या खिडक्या, एकच मजला. वाचनाची खोली तिथेच करा. आणि तिच्याच एका टोकाला नव्याने येणाऱ्या कागदांची विलगीकरणाची खोली. कुणाच्या माळ्यावरून आलेला रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, थेट माजघरात गेला तर त्याच्यासोबत कसर, झुरळांची अंडी, बुरशी सगळे जाते. आधी तिथे मऊ कुंच्याने साफ करा, कीड दिसली तर प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. काचेवरची छायाचित्रे मात्र फ्रीजरमध्ये घालू नका.

मोडी कागदांची शाई बहुधा काजळीची असते. उजेडाला ती टिकते, पाण्याने विरघळू शकते. म्हणून ओला बोळा, इस्त्री, लॅमिनेशन, चिकटपट्टी यांतले काहीही नको. फाटलेल्याला जपानी पातळ कागद आणि गव्हाच्या खळीचा आधार देतात, तेही शिकलेल्या हातानेच. वेखंडाची पुरचुंडी कपाटात ठेवायला हरकत नाही, कागदाला लागू देऊ नका. निंबाचा ओला पाला नको, त्याने बुरशी येते. डांबराच्या गोळ्या वाचकांच्या फुप्फुसांना अपायकारक, त्याही नकोत. लाल सुती रुमालाची जुनी बांधणी चांगलीच आहे, फक्त कापड धुऊन खळ काढलेले घ्या.

कागद मिळवण्याबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपल्या भागातली घराणी कागद द्यायला कचरतात, कारण त्यात वतनाचे, इनामाचे, कुळांचे उल्लेख असतात आणि जमिनीचे खटले अजून चालू असतात. ही भीती खरी आहे, तिला हसू नका. मालकी घराण्याकडेच ठेवून कागद ठेव म्हणून घ्या, त्यांना पूर्ण छायाप्रती द्या आणि कुठला कागद किती वर्षे बाहेरच्यांना दाखवायचा नाही हे त्यांना लेखी ठरवू द्या. असे केले की माळ्यावरच्या पेट्या उघडतात.

आणि सूची मराठी आणि कन्नड दोन्हींत करा. १ नोव्हेंबर १९५६ ला हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्याआधीची पिढ्यान्‌पिढ्यांची दप्तरे मोडीत, कन्नडात, आणि गोव्याच्या अंगाने पोर्तुगीजमध्येही आहेत. बेळगावचाच शहापूर भाग सांगली संस्थानात होता. या कागदांवर काम करायला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून जसे अभ्यासक येतील तसे धारवाडहूनही येतील. हलशीला कदंबांची देवळे बघायला आलेला कन्नड विद्यार्थी तुमच्या वाचनालयात येऊन बसला, तर त्याला दारातच परके वाटू नये. बेळगावात १८४८ पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे, तिथल्या जुन्या मंडळींशी सूचीबद्दल एकदा बोला.

पैशांचे असे करा: जमलेल्या निधीचा मोठा वाटा दुरुस्तीत घालायच्या आधीच बाजूला काढून त्याच्या व्याजावर दोन गोष्टी चालवा, दरवर्षीची शाकारणी-चुनाकाम आणि वाड्यात राहणारे एक कुटुंब. मागच्या सोप्यात त्यांना राहू द्या, स्वयंपाक करू द्या, फक्त स्वयंपाकघर संग्रहापासून दगडी भिंतीने आणि पक्क्या दाराने वेगळे असू द्या. कंत्राटदाराचा रखवालदार नको, गावचे घर हवे, ज्याला रात्री पावसाचा आवाज बदलला की कौल सरकले असे कळते.

या उन्हाळ्यात एवढेच करा: पत्र्याचा मांडव, चौकाची मोरी, रस्त्याकडेचे गटार, पश्चिमेच्या ताट्या, आणि पाच नोंदयंत्रे. मे संपायच्या आत. दसऱ्यानंतर नोंदवह्या, पेन्सिलीच्या रेघांचे फोटो, तुळयांची लांबी-रुंदी-जाडी आणि दोन तुळयांमधले अंतर पाठवा. माडीवर किती माणसे आणि टेबले बसतील, त्याचा हिशेब त्यावरून करून देतो.